मालिशच्या कामातल्या मर्यादा: पहिल्या फोनपासून शेवटच्या मेसेजपर्यंत

मालिशच्या टेबलावर मर्यादा ठरवायला गेलात तर उशीर झालेला असतो. एक माणूस अर्धे कपडे काढून पालथा पडलाय, दुसऱ्याचे हात मनगटापर्यंत तेलाने माखलेत, दिवा मंद आहे. अशा वेळी काढलेला नियम समोरच्याला नियम वाटत नाही, अपमान वाटतो. म्हणून या लेखातला बराच भाग टेबलाच्या आधीचा आहे: जाहिरातीचा मजकूर, फोन, दार, पहिली दहा मिनिटं. तिथे सांगून ठेवलेल्या गोष्टीची टेबलावर फक्त आठवण करून द्यावी लागते.

घरोघरी जाऊन मालिश करणारे, स्पा-सलूनमध्ये काम करणारे, पंचकर्म केंद्रातले मदतनीस आणि बाळंतिणींकडे जाणाऱ्या मावशी, या सगळ्यांसाठी हा लेख आहे. त्रास फक्त बायकांनाच होतो असंही नाही. पुरुष थेरपिस्टनाही होतो, ते सांगत नाहीत एवढंच.

फिजिओथेरपिस्टना राज्य परिषदेकडे नोंदणी करावी लागते, वैद्यांनाही करावी लागते. मालिश करणाऱ्यांसाठी अशी परिषद नाही, त्यामुळे सगळ्यांना लागू होणारी वागणुकीची संहिताही नाही. 'स्पा' म्हटलं की लोकांच्या मनात काय येतं, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा आपली संहिता आपणच कागदावर उतरवलेली बरी.

## आधी एक पान लिहा

एकच पान, मोठ्या अक्षरात. मराठीत आणि गरज असेल तर मागच्या बाजूला हिंदीत. त्यात एवढं यायला हवं:

- कोणकोणत्या प्रकारची मालिश, किती मिनिटं, किती पैसे.
- इथे फक्त मालिश होते. लैंगिक स्वरूपाची कोणतीही सेवा मिळत नाही. तशी मागणी, सूचना किंवा स्पर्श झाल्यास काम तिथेच थांबेल आणि पूर्ण पैसे द्यावे लागतील.
- दारू किंवा नशा केलेल्या माणसाची मालिश केली जाणार नाही.
- तुम्ही केव्हाही 'थांबा' म्हणू शकता. कारण सांगायची गरज नाही. थेरपिस्टही काम थांबवू शकते.
- खोलीत फोटो, व्हिडिओ, व्हिडिओ कॉल बंद.
- अपॉइंटमेंट किती तास आधी रद्द करता येईल.

'लैंगिक' हा शब्द लिहायला संकोच वाटतो म्हणून बरेच जण 'गैरवर्तन खपवून घेतलं जाणार नाही' असं मोघम लिहून टाकतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण गैरवर्तन करणाऱ्याला आपलं वर्तन गैर वाटतच नसतं. शब्द स्पष्ट लिहा.

स्पामध्ये या पानावर मालकाचीही सही घ्या आणि त्याखाली एक ओळ वाढवा: 'थेरपिस्टने गैरवर्तनामुळे काम थांबवल्यास तिचे पैसे किंवा इन्सेंटिव्ह कापले जाणार नाही.' नियम मोडतात ते बहुधा इथेच. थेरपिस्ट खोलीबाहेर येते, क्लायंट काउंटरवर आवाज चढवतो आणि मॅनेजर त्याला 'सॉरी सर' म्हणून पुढच्या वेळची सवलत देतो. एकदा हे झालं की त्या केंद्रातली कुठलीच मुलगी पुन्हा काम थांबवत नाही.

## जाहिरात आणि फोन

जाहिरात कशी आहे त्यावर फोन कसे येणार हे ठरतं. 'रिलॅक्सेशन', 'फुल सॅटिस्फॅक्शन', 'चोवीस तास सेवा', 'सुंदर स्टाफ' असे शब्द आणि इंटरनेटवरून उचललेला मॉडेलचा फोटो टाकला, तर फोन कशासाठी येणार ते उघड आहे. त्याऐवजी त्रासाची नावं लिहा: पाठ-खांदे आखडणं, खूप चालल्याने भरून आलेल्या पोटऱ्या, धावपटूंसाठी मालिश, बाळंतिणीची मालिश. फोटो रिकाम्या टेबलाचा, घडी घातलेल्या चादरींचा. वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ७. कामाचा नंबर वेगळा ठेवा आणि त्या नंबरच्या व्हॉट्सॲपवर स्वतःचा चेहरा नको, सेवेचं नाव असू द्या.

नवीन क्लायंटची बुकिंग नुसत्या मेसेजवर घेऊ नका, एकदा बोलाच. तीन-चार मिनिटं पुरतात. विचारायचं ते असं: पूर्ण नाव, वय, त्रास कुठे आहे आणि कधीपासून, आधी मालिश घेतली आहे का, कुठला आजार किंवा ऑपरेशन, आमचा नंबर कोणी दिला. घरी जायचं असेल तर पूर्ण पत्ता आणि त्या वेळी घरात कोण असेल. खरोखर पाठ दुखणारा माणूस या प्रश्नांना कंटाळत नाही. उलट आपलं दुखणं सविस्तर सांगतो, कधी कधी नको इतकं सविस्तर.

खटकायला हवं ते वेगळंच असतं. त्रासाबद्दल एक शब्द नाही, पण 'कोण येणार, वय काय, फोटो पाठवा' हे आधी. 'एक्स्ट्रा', 'फुल सर्व्हिस', 'ॲडजस्ट करता का' असे अर्धवट टाकलेले शब्द. रात्री अकराला 'आत्ता लगेच' हवं. हॉटेलचं नाव सांगायचं, पण ज्या नावावर खोली आहे ते सांगायचं नाही. दर ऐकताच 'पैशाची काळजी नका करू'.

अशा वेळी एकदाच स्पष्टीकरण द्या, चिडू नका आणि लाजूही नका: 'सर, आमच्याकडे फक्त मालिश होते. याशिवाय कुठलीही सेवा नाही. पाठीच्या मालिशसाठी वेळ हवी असेल तर सांगा.' खराच गैरसमज झाला असेल तर माणूस ओशाळतो आणि विषय सोडतो. तोच प्रश्न पुन्हा फिरवून विचारला तर 'तुमची बुकिंग घेता येणार नाही' एवढं बोलून फोन ठेवा, नंबर ब्लॉक करा. पुन्हा समजावू नका. समजावत राहणं हीच त्याला घासाघीस वाटते.

बुकिंग पक्की करताना निम्मे पैसे यूपीआयवर आगाऊ घ्या. वेळ फुकट जात नाही हा एक फायदा. दुसरा असा, की पैसे पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव दिसतं. फोनवर सांगितलेलं नाव आणि हे नाव जुळत नसेल तर निघण्याआधी विचारा. बायकोच्या खात्यातून पाठवले असतील तर तो सहज सांगेल.

## घरी जाताना

1. पत्ता, क्लायंटचं नाव, नंबर, जाण्याची आणि निघण्याची वेळ घरच्या किंवा कामातल्या एका माणसाला पाठवा. लाइव्ह लोकेशन चालू ठेवा. एक तासाचं काम असेल तर येण्याजाण्याचा वेळ धरून लोकेशन तासाभराहून जास्त वेळासाठी लावा, नाहीतर ऐन वेळी बंद पडतं.
2. संकेताचं एक वाक्य ठरवून ठेवा. साधं, घरगुती वाटेल असं: 'कुकर बंद केलास का?' हे ऐकलं की पलीकडच्याने दहा मिनिटांत परत फोन करायचा. उचलला नाही तर सोसायटीच्या वॉचमनला किंवा ११२ ला.
3. सोसायटीच्या गेटवर रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव आणि फ्लॅट नंबर लिहा. वॉचमनने विचारलं नाही तरी.
4. दार उघडल्यावर आत पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबा. ज्याने बुकिंग केलं तोच माणूस आहे ना? दारूचा वास? फोनवर 'घरी आई आहे' म्हणाला आणि आत चार मित्र बसलेत? काही जुळत नसेल तर उंबऱ्यावरूनच परत फिरा. 'तेलाची बाटली गाडीत राहिली' हे निमित्त नेहमी चालतं. परत यायची गरज नाही.
5. मालिश बैठकीच्या खोलीत किंवा दाराजवळच्या खोलीत. बेडवर कधीच नाही. बेडवर वाकून काम केलं तर तुमची कंबर जाते, आणि माणूस बेडवर असला की त्याच्या डोक्यातही बेडच असतो. घडीचं टेबल नसेल तर जाड सतरंजी आणि त्यावर गादी.
6. टेबल असं लावा की तुम्ही आणि दार यांच्यामध्ये क्लायंट येणार नाही. बॅग, चप्पल आणि मोबाइल दाराजवळ, मोबाइल हाताच्या अंतरावर. आतून कडी लावू देऊ नका. 'हवा येऊ दे, दार नुसतं लोटलेलं ठेवूया' म्हणा.

स्पातल्या खोलीला हाच नियम: दार बंद, पण कडी नाही. बाहेर 'काम चालू आहे' ही पाटी. कुणी आत येणार असेल तर टकटक करून 'या' ऐकल्याशिवाय येणार नाही, मालक असला तरी. कॅमेरा फक्त काउंटरवर. उपचाराच्या खोलीत किंवा कपडे बदलायच्या जागी कॅमेरा असणं हा गुन्हा ठरू शकतो, 'सुरक्षेसाठी लावलाय' ही सबब चालत नाही.

## पहिली दहा मिनिटं

क्लायंट अंगावर पूर्ण कपडे असताना, खुर्चीवर समोरासमोर बसलेला असतानाच सगळं बोलून घ्या. आजार, औषधं, ॲलर्जी, गेल्या काही महिन्यांतली ऑपरेशनं. मग कुठे मालिश करणार आणि कुठे नाही ते स्वतःच्या शरीरावर हात ठेवून दाखवा, त्याच्या नाही. 'मानेपासून कंबरेपर्यंत पाठ, दोन्ही हात, गुडघ्याखाली पाय, आणि मांडीचा वरचा एक वीत भाग सोडून बाकीची मांडी. छातीवर गळ्याच्या हाडाखाली फक्त चार बोटं. पोट नको असेल तर सोडून देऊ.' हे दाखवायला मिनिटसुद्धा लागत नाही. नंतरचे निम्मे गैरसमज इथेच मिटतात.

कपड्यांबद्दल नेमकं सांगा. 'तुम्हाला बरं वाटेल तेवढे काढा' हे सौम्य वाटतं, पण नवीन माणूस गोंधळतो आणि भलताच अर्थ काढणाऱ्याला मोकळं रान मिळतं. त्यापेक्षा: 'शर्ट आणि पँट काढा, आतली चड्डी राहू द्या, चादरीखाली पालथे झोपा. मी बाहेर थांबते, झालं की हाक मारा.' बाईंना ब्रा काढायची नसेल तर हुक तेवढे सोडायला सांगा. तेही नको असेल तर तशीच मालिश करा. काम थोडं अडतं, होत नाही असं नाही.

संमती म्हणजे सुरुवातीला घेतलेली एक सही नव्हे. भाग बदलताना विचारायचं. विशेषतः पोट, मांडी आणि नितंबाचे स्नायू यांच्या आधी, दर वेळी. 'आता कंबरेखालचे स्नायू चादरीवरूनच दाबणार आहे. चालेल का?' उत्तर 'हं...' असं लांबलं तर ते हो नाही. 'हो की नको, मोकळेपणाने सांगा' म्हणून थांबा. शांतता हा नकार समजायचा. पडून राहिलेला माणूस कमी बोलतो, पुरुष थेरपिस्टसमोरची बाई तर आणखी कमी. बाईला बाई किंवा पुरुषाला पुरुष थेरपिस्ट हवा असेल किंवा सोबत कुणी बसायला हवं असेल तर त्याची चौकशी न करता सोय करा.

## चादर

या कामातलं खरं कसब चादरीचं आहे. दाब, तेल, हात फिरवण्याच्या पद्धती सहा महिन्यांत येतात. चादर सांभाळता येणारा थेरपिस्ट मात्र समोरच्याला एकही शब्द न बोलता समजावतो की इथे काय चालतं आणि काय नाही.

लागतं ते: सुमारे ६० बाय ९० इंचाच्या दोन सिंगल चादरी, दोन मोठे टॉवेल, चार नॅपकिन, घोट्याखाली ठेवायला एक लोड किंवा गुंडाळलेला टॉवेल. चादर जाड सुती आणि गडद रंगाची घ्या. पांढरी, पातळ चादर तेल लागल्यावर अंगाला चिकटते आणि पारदर्शक होते. ही चूक हमखास होते, आणि तेव्हा अंगावर चादर असूनही नसल्यासारखी.

नियम एकच: ज्या भागावर हात आहे तेवढाच उघडा. एक पाय करायचा असेल तर चादर त्या पायाच्या बाजूने उचला, मांडीच्या आतल्या कडेने खाली खोचा आणि कंबरेवर दुमडून घ्या. चादरीचा खोचलेला काठ म्हणजे तुमच्या हाताची सीमा. हात त्या काठाच्या एक तळवा अलीकडे थांबला पाहिजे. काठ सैल असेल तर मालिश करताना तो इंच इंच वर सरकतो आणि हातही त्याच्या मागे जातो, लक्षातसुद्धा येत नाही. दर काही मिनिटांनी काठ पुन्हा नीट करा. पाठ करताना चादर कंबरेच्या हाडावर, चड्डीच्या काठाच्या वर एक बोट.

पालथ्याचा उताणा करताना सगळ्यात जास्त गडबड होते. टेबलाच्या कडेला उभे राहा. आपल्या बाजूचा चादरीचा काठ आपल्या मांडीने टेबलाला दाबून धरा. पलीकडचा काठ दोन्ही हातांनी उचलून आपल्या चेहऱ्यासमोर पडद्यासारखा धरा, म्हणजे तुमची नजर चादरीवर आणि चादर तुमच्या नि त्याच्या मध्ये. मग म्हणा, 'आता माझ्या विरुद्ध बाजूला वळून उताणे व्हा, खाली थोडे सरका.' वळणं पूर्ण झालं की चादर हळू सोडा. बाईंच्या छातीवर आधी मोठा टॉवेल आडवा, मग चादर खाली ओढायची. घाईत चादर पूर्ण उचलून झटकली तर सगळ्या तासाची अदब एका क्षणात जाते.

पंचकर्मातल्या अभ्यंगाला, म्हणजे सगळ्या अंगाच्या तेलमालिशला, ही पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही. द्रोणीवर, म्हणजे तिथल्या कडा असलेल्या लाकडी टेबलावर, तेल भरपूर असतं, चादर टिकत नाही. तिथे लंगोट किंवा एकदाच वापरायची चड्डी, वर लहान टॉवेल, बाईला बाई, पुरुषाला पुरुष थेरपिस्ट आणि शक्यतो दोघे. जुन्या पद्धतीत दोघांनी दोन बाजूंनी एकाच लयीत हात चालवायचे ते सारख्या दाबासाठी, पण त्यात सुरक्षितताही आपोआप येते.

दृष्टिहीन थेरपिस्टसाठी वेगळी काळजी हवी. त्यांना काठ दिसत नाही म्हणून चादरीच्या कडेला जाड पायपिंग (दोरीसारखी किनार) शिवून घ्या, बोटाला कळते. आणि क्लायंटने काही ओढलं, सरकवलं तर कळावं म्हणून भाग बदलताना 'चादर जागेवर आहे ना?' हे विचारायची सवय.

## हद्द ओलांडली गेली तर

आधी एक फरक. मालिश चालू असताना पुरुषाच्या लिंगात ताठरता येऊ शकते. स्पर्श, ऊब, अंग सैल पडणं यामुळे मज्जासंस्था आपोआप तसा प्रतिसाद देते, इच्छा असो वा नसो. नुसतं तेवढंच असेल तर ते गैरवर्तन नव्हे. त्यावर बोलू नका, हसू नका. मांडीवरून हात काढून खांद्याकडे किंवा पावलाकडे जा, चादरीवर दुमडलेला टॉवेल ठेवा, दाब थोडा वाढवा, किंवा पालथं व्हायला सांगा. काही मिनिटांत शमतं आणि क्लायंटलाच जास्त लाजल्यासारखं झालेलं असतं.

गैरवर्तन सुरू होतं ते त्यावर काहीतरी केलं किंवा बोललं गेलं की. चादर मुद्दाम सरकवणं, स्वतःला स्पर्श, 'अजून थोडं वर', कंबर हलवणं, थेरपिस्टच्या मांडीला हात लावणं, तिच्या अंगाबद्दल बोलणं. इथे तीन पायऱ्या:

पहिली. एकदाच झालेलं, संदिग्ध काही: हात थांबवा, चादर जागेवर ओढा, सपाट आवाजात: 'हात टेबलावर ठेवा, सर. चादर तशीच राहू द्या.' 'प्लीज' नको, हसू नको. घाबरलेल्या माणसाला हसू येतं, आणि समोरच्याला ते होकार वाटतं.

दुसरी. पुन्हा झालं तर दोन्ही हात काढून एक पाऊल मागे: 'काम इथेच थांबवते आहे. मी बाहेर जाते, तुम्ही कपडे घाला.' कारणावर चर्चा नाही.

तिसरी. खोलीबाहेर. घरी असाल तर टेबल, तेल, चादरी सोडून फक्त बॅग आणि फोन घेऊन घराबाहेर. टेबल पुन्हा घेता येतं. सामान नंतर आणायला दोघांनी जा.

उघड लैंगिक स्पर्श, वाट अडवणं, कडी लावणं यात पहिली-दुसरी पायरी करत बसू नका. थेट बाहेर, ओरडत गेलं तरी चालेल. या वाक्यांची आरशासमोर किंवा सहकाऱ्याबरोबर मोठ्याने तालीम करा. मनात पाठ केलेलं वाक्य ऐन वेळी घशात अडकतं, तोंडाने दहा वेळा म्हटलेलं बाहेर पडतं.

क्लायंट टेबलावर रडू लागला तर ते वेगळं. हात हलका करून जागेवर स्थिर ठेवा, नॅपकिन द्या, 'थांबू का, की चालू ठेवू?' एवढं विचारा. सल्ला देऊ नका, मिठी तर नाहीच.

## 'तू' आणि 'तुम्ही'

मराठीत घसरण आधी सर्वनामात दिसते. 'तुम्ही' वरून 'तू' वर येणारा क्लायंट बहुतेकदा पुढच्या दोन-तीन भेटींत काहीतरी विचारतो: कुठे राहतेस, लग्न झालंय का, घरी कोण असतं. तुम्ही 'तुम्ही' वर ठाम राहा, त्याचं वय वीस असलं तरी. 'दादा' म्हटलं की माणूस नीट वागेल असा बऱ्याच जणींचा भरवसा असतो. तो पुष्कळदा खरा ठरतो, पण 'दादा' म्हटलेल्या माणसाकडे पैसे मागायला आणि काम थांबवायला जड जातं. 'सर', 'मॅडम' किंवा आडनावापुढे 'साहेब', 'ताई' ठीक. आजी-आजोबांना आजी-आजोबाच म्हणा, तिथे 'सर' म्हणणं कोरडं वाटतं.

मर्यादा आपल्या बाजूनेही पाळायची असते, किंबहुना आधी आपल्या बाजूने. क्लायंटच्या वजनावर, डागांवर, केसांवर शेरा नाही. एका क्लायंटची गोष्ट दुसऱ्याला नाही. सोसायटीत चार घरी जाणाऱ्यांनी तर अजिबात नाही. स्वतःच्या कर्जाची, नवऱ्याची, भाडं थकल्याची कहाणी टेबलावर सांगितली की समोरचा मदत करतो, आणि उपकाराखाली नाही म्हणता येत नाही. टीप दराच्या थोडीफार वर असेल तर घ्या. दुप्पट-तिप्पट असेल तर 'एवढी नको' म्हणून परत द्या. कपडे, दागिने, अत्तर नको. दिवाळीचा फराळ घ्या, तो परत केला तर उगाच मनं दुखावतात.

कामाच्या नंबरवर रात्रीच्या 'गुड नाइट' ला, फुलांच्या फोटोला उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त वेळेबद्दल काही असेल तर उत्तर. क्लायंटबरोबर प्रेम जमलंच तर आधी काम दुसऱ्या थेरपिस्टकडे द्या आणि मग पुढचं बघा. दोन्ही एकदम चालवू नका.

ज्ञानाची मर्यादाही हीच. 'तुमची नस दबलीय', 'मणका सरकलाय' हे निदान आहे, ते आपलं काम नाही. मान मोडणं तर बंदच करा. मानेच्या धमनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो. एकाच पोटरीला सूज, लाली, ऊब आणि दुखणं असेल तर आत रक्ताची गाठ असू शकते. चोळायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं. ताप, नागीण, खरूज, ताजी जखम, रक्त पातळ होण्याची औषधं: आधी डॉक्टरांचं 'चालेल', मग मालिश.

## बाळंतीण आणि बाळ

सव्वा महिना रोज एकाच घरी जाणाऱ्या मावशीला त्या घरात मान असतो, म्हणून तिची जबाबदारीही मोठी. खोलीत सासूबाई, आई, नणंद सगळ्या असतात आणि 'जरा जोरात चोळा, पोट आत जाऊ दे' म्हणतात. पण अंग बाळंतिणीचं आहे. तिला विचारा, आणि तिला एकटीला विचारायचं असेल तर बाकीच्यांना गरम पाणी आणायला पाठवा. सिझेरियन झालेलं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत पोटाला हात नाही. स्तनांची मालिश तिने सांगितल्याशिवाय नाही. गाठ, लाली, ताप असेल तर मालिश नव्हे, डॉक्टर.

बाळाची छाती दाबून दूध काढणं, नाकाकानात तेल सोडणं, मुलाच्या शिश्नाची कातडी मागे ओढणं हे अजून कित्येक घरांत चालतं. छाती दाबली की जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकतं, नाकातलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं, कातडी ओढली की फाटते आणि पुढे आणखी घट्ट होते. हे करायचं नाही, घरच्यांनी सांगितलं तरी नाही. दुसऱ्या मावशी करतात म्हणून काम गेलं तर जाऊ दे. बाळाचा न्हाऊ घालतानाचा फोटो स्टेटसला ठेवायचा नाही.

मोठ्या मुलांची, म्हणजे १८ च्या आतल्या कुणाचीही मालिश पालक खोलीत असल्याशिवाय करू नका. तालमीतल्या पोरांची मालिश सगळ्यांसमोर होते, ते बरंच आहे. मालिश करताना एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

## घडून गेल्यावर

त्याच दिवशी लिहा. तारीख, वेळ, जागा, कुणी काय केलं, त्याचे शब्द जसेच्या तसे, तुम्ही काय म्हणालात, बाहेर कुणी पाहिलं. स्वतःलाच व्हॉट्सॲप केलं तर वेळेची नोंद आपोआप होते. चॅट, कॉल लॉग, यूपीआयची नोंद पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ फोनही जपा, कारण न्यायालयात मूळ उपकरणाला महत्त्व असतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्त्रीला नको असलेला लैंगिक स्पर्श, लैंगिक सेवेची मागणी हे कलम ७५ मध्ये येतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नुसते अश्लील शेरे असतील तर त्याच कलमाखाली एक वर्षापर्यंत. विनयभंगासाठी बळाचा वापर कलम ७४ मध्ये, किमान एक वर्ष ते पाच वर्षं. लपून फोटो-व्हिडिओ काढणं कलम ७७, नको म्हटल्यावरही पाठलाग किंवा सतत मेसेज कलम ७८. ही कलमं पीडित स्त्री असेल तेव्हाची आहेत. पुरुष थेरपिस्टला बळाचा वापर (कलम १३१), अडवून ठेवणं (१२६ आणि १२७), धमकी (३५१) यांचा आधार घेता येतो. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवता येतो. 'तिकडच्या ठाण्यात जा' म्हणून परत पाठवू देऊ नका. तातडीला ११२, स्त्रियांसाठी १८१.

नोकरीत असलेल्या स्त्रीसाठी २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदाही आहे. कामासाठी गेलेलं ठिकाण, म्हणजे क्लायंटचं घरही, त्यात कामाचं ठिकाण धरलं जातं. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या केंद्रात अंतर्गत समिती हवीच, त्याहून लहान केंद्रासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची. बाहेरून येणाऱ्या लोकांपासून कर्मचारी स्त्रीला सुरक्षित ठेवणं आणि तिला पोलिसांत तक्रार करायची असेल तर मदत करणं ही मालकाची जबाबदारी कायद्यातच लिहिलेली आहे. तक्रार उलट दिशेनेही होऊ शकते: स्पामध्ये आलेली ग्राहक स्त्री थेरपिस्टविरुद्ध याच कायद्याने दाद मागू शकते. संमती विचारण्याची सवय आणि लिहिलेली नोंद तुमच्या बाजूने उभी राहते ती इथे.

शेवटी वहीत त्या माणसाच्या नावापुढे 'पुन्हा बुकिंग नाही' लिहा आणि ते काउंटरवरच्या प्रत्येकाला माहीत असू द्या, कारण तो महिन्याभराने दुसऱ्या नंबरवरून, दुसऱ्या थेरपिस्टचं नाव घेऊन फोन करतो. त्याला द्यायचं उत्तर तयार ठेवा: 'आमच्याकडे तुमची बुकिंग घेतली जात नाही. कृपया या नंबरवर संपर्क करू नये.' हे मेसेजनेच पाठवा. नंतर कलम ७८ ची वेळ आली तर तुम्ही 'नको' कधी म्हटलं होतं, ते तारखेसह दाखवता येतं.